स्वार, घोडा आणि मजल : मनाकडे पाहण्याच्या दोन रीती

जळगावच्या धान्यबाजारात किंवा धुळ्याकडच्या एखाद्या जिनिंगच्या आवारात अर्धा तास उभे राहिले, तर मनाविषयीचे कितीतरी अरबी शब्द अस्सल मराठी बोलण्यातून कानावर पडतात. एखाद्या व्यापाऱ्याची नियत साफ नाही असे कोणी म्हणतो, उगाच वहीम घेणाऱ्याला कोणी समजावतो, मालाची खातरजमा होते, पोराच्या शिक्षणाची फिकीर बोलून दाखवली जाते आणि कोणाची तरी मिजास वाढल्याची तक्रार होते. अक्कल आणि हिशेब हे शब्द तर इतके आपले झाले आहेत की ते बाहेरून आले असे मुद्दाम सांगावे लागते. 1382 ते 1601 या काळात खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते, आज मध्य प्रदेशात असलेले बऱ्हाणपूर ही त्यांची राजधानी होती, आणि त्या नगराचे नावच बुरहानुद्दीन गरीब या सुफी संतावरून पडले होते. राज्यकारभाराची फारसी आणि सुफींची शिकवण या दोन्ही वाटांनी असे शब्द आपल्याकडे आले आणि बोलीत मुरले.

हे सर्व शब्द एका जुन्या आणि काळजीपूर्वक रचलेल्या मनोविचाराचे पारिभाषिक शब्द आहेत. नियत म्हणजे कृतीमागचा हेतू, ज्यावर त्या कृतीचे मोल ठरते. खातिर म्हणजे मनात आपोआप उमटणारा विचार; तो गोळा होऊन स्थिर झाला की ‘खातिर जमा’ झाली, आणि आपली खातरजमा तेथूनच आली. वहम ही वैद्य आणि तत्त्वज्ञ इब्न सिना (980–1037) यांनी वर्णिलेली एक आंतरिक शक्ती आहे, जिच्यामुळे मेंढीला लांडगा दिसताच त्याचे वैर ‘दिसते’, जरी वैर ही गोष्ट रंगासारखी किंवा आकारासारखी डोळ्यांना दिसणारी नसली तरी. मिजाज म्हणजे शरीरातील द्रव्यांच्या मिश्रणातून घडलेली प्रकृती. मराठीत या शब्दांचे अर्थ सरकले, अरुंद झाले, तरी मूळ विचाराचा वास त्यांना अजून आहे.

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत असताना मला जवळपास दरवर्षी कोणीतरी विचारत असे, ‘सर, नफ्स म्हणजेच फ्रॉइडचा इड ना?’ नफ्स म्हणजे इस्लामी परंपरेतला वासनांनी ओढला जाणारा ‘स्व’, आणि इड म्हणजे मनोविश्लेषक फ्रॉइड यांच्या मांडणीतला मनातील जन्मजात वासनांचा साठा. बराच काळ मी ‘साधारण तसेच’ असे उत्तर देत असे. ते उत्तर चुकीचे होते. ते का चुकीचे होते, हे नीट उलगडले तर मनाविषयीच्या इस्लामी आणि पाश्चात्त्य कल्पनांमधला खरा फरक हाती लागतो, असे मला वाटते.

एकच घोडा, दोन प्रश्न

तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा घ्यायला आलेला जाणकार माणूस त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो, अंगावर हात फिरवून तो किती बिथरतो हे पाहतो. पण घोडा चांगला की वाईट हे एवढ्यावर ठरत नाही. तो वरातीसाठी हवा आहे, शर्यतीसाठी हवा आहे की शेतावर ये-जा करण्यासाठी, हे कळल्याशिवाय पारख पुरी होत नाही.

सिग्मंड फ्रॉइड यांनी 1923 साली मनाची जी त्रिभागी रचना मांडली, तिच्यात नेमका हाच दृष्टान्त आहे. इड, म्हणजे जन्मजात वासनांचा अंधारा साठा, हा घोडा. इगो, म्हणजे बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारा ‘मी’, हा स्वार. फ्रॉइड सांगतात की या स्वाराला स्वतःची ताकद फारशी नसते, तो घोड्याचीच ताकद उसनी घेतो, आणि घोड्यावरून पडायचे नसेल तर पुष्कळदा त्याला घोडा जिकडे जाऊ पाहतो तिकडेच लगाम वळवावा लागतो. मुस्लीम धर्मविचारवंत इमाम गझाली (1058–1111) यांनी आपल्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या मोठ्या ग्रंथाच्या एकविसाव्या प्रकरणात, म्हणजे फ्रॉइडच्या आठशे वर्षे आधी, जवळजवळ हेच चित्र काढले होते. त्यांच्याकडे स्वार शिकारीला निघाला आहे. वासना हा त्याचा घोडा आहे आणि क्रोध हा त्याचा कुत्रा. स्वार कुशल, घोडा शिकवलेला आणि कुत्रा आज्ञाधारक असेल तर शिकार साधते. स्वार अडाणी, घोडा उधळलेला आणि कुत्रा पिसाळलेला असेल, तर शिकार दूरच, स्वाराचाच जीव जातो. त्याही आधी प्लेटोने दोन घोड्यांचा रथ आणि सारथी यांची उपमा दिली होती, आणि मुस्लीम तत्त्वज्ञांनी ग्रीक विचार मनापासून अभ्यासला होता, त्यामुळे हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही.

चित्र एक असले तरी त्यावर विचारलेला प्रश्न मात्र वेगळा आहे. फ्रॉइड विचारतात की हा स्वार घोड्यावर टिकतो कसा, आणि टिकताना त्याला काय किंमत मोजावी लागते. तो कोठे चालला आहे, हा प्रश्न त्यांच्या शास्त्राच्या कक्षेत येत नाही. गझालींसाठी तो पहिला प्रश्न आहे. त्यांच्या दृष्टीने देह हे वाहन आहे, हे जग वाटेवरची एक मजल आहे (हा आपला शब्दही अरबी ‘मंजिल’वरूनच आला), आणि प्रवास ईश्वराकडे आहे. वाहन वाईट आहे असे ते म्हणत नाहीत. भूक नसती तर देह टिकला नसता, क्रोध नसता तर माणूस स्वतःचे रक्षण करू शकला नसता. म्हणून वासनेला मारायचे नसते, तिला शिकवायचे असते.

नफ्स आणि इड एक नाहीत याचे कारण आता दिसू लागते. इड बदलत नाही. त्यावर इगोचा ताबा कमी-अधिक होतो, त्यातील ऊर्जा कलेकडे किंवा कामाकडे वळवता येते, पण तो स्वतः शहाणा होत नाही. नफ्स मात्र बदलते. कुराणात तिची तीन रूपे येतात: बाराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, वाईटाची आज्ञा देणारी नफ्स, म्हणजे अम्मारा, पंचाहत्तराव्या सूरेत स्वतःला दोष देणारी, म्हणजे लव्वामा, आणि एकोणनव्वदाव्या सूरेत शांत झालेली, म्हणजे मुत्मइन्ना, जिला आपल्या प्रभूकडे परत येण्याची हाक दिली जाते. या तीन वेगवेगळ्या नफ्स नाहीत, एकाच ‘स्व’च्या तीन अवस्था आहेत, आणि बहुतेक माणसांचे आयुष्य पहिल्या दोहोंमध्ये येरझारा घालण्यात जाते. म्हणजे ज्या घोड्याबद्दल आपण बोलत होतो, तो या परंपरेत शेवटी स्वतःच घरची वाट ओळखू लागतो.

असाच घोटाळा लव्वामा आणि फ्रॉइडचा सुपरइगो यांच्या बाबतीत होतो. सुपरइगो हा आई-वडिलांचा आणि समाजाचा आत जाऊन बसलेला आवाज आहे. तो अनेकदा अवाजवी कठोर असतो, आणि उपचारात त्याची धार कमी करावी लागते. लव्वामा नफ्सची तर कुराण शपथ घेते, म्हणजे तिला मान देते. तिच्या टोचणीला तौबा हा ठरलेला शेवट आहे: चुकीबद्दल खेद वाटावा, ती चूक थांबवावी, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा, आणि कोणाचा हक्क मारला असेल तर तो परत करावा. एवढे झाल्यावर ईश्वराच्या कृपेविषयी निराश राहणे हाच दोष मानला जातो. अपराधभावाने पिचलेली पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत, आणि मला वाटते की शेवट असलेला अपराधभाव आणि शेवट नसलेला अपराधभाव हा भेद दोन्ही बाजूंच्या अभ्यासकांनी अधिक गंभीरपणे घ्यायला हवा.

चार शब्द आणि एक विहीर

त्याच प्रकरणाच्या आरंभी गझाली वाचकाला बजावतात की कल्ब, रूह, नफ्स आणि अक्ल या चार शब्दांचे अर्थ नीट न कळल्यामुळे पुष्कळ चुका होतात, आणि मग प्रत्येकाचे दोन-दोन अर्थ सांगतात. कल्ब म्हणजे छातीतला मांसाचा गोळा, जो जनावरांनाही असतो. आणि कल्ब म्हणजेच ते सूक्ष्म तत्त्व, जे जाणते, ज्याला उत्तरदायी धरले जाते, जे माणसाचे खरे माणूसपण आहे. रूह म्हणजे शरीरभर फिरणारी सूक्ष्म प्राणशक्ती, जिच्याशी वैद्यांना काम असते. आणि रूह म्हणजे ते ईश्वरी रहस्य, ज्याविषयी कुराणच म्हणते की माणसाला त्याचे ज्ञान थोडेच दिले गेले आहे. नफ्स म्हणजे वासना आणि क्रोध यांची गाठ. आणि नफ्स म्हणजे ‘स्व’. अक्ल म्हणजे ज्ञान. आणि अक्ल म्हणजे जाणणारे तत्त्व. चारही शब्दांचा दुसरा अर्थ जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतो, हे गझालींच्या मांडणीतले मर्म आहे. शरीराच्या बाजूने ते चार आहेत. जाणणाऱ्याच्या बाजूने एक.

यातील दोन शब्दांची मुळे पाहण्यासारखी आहेत. कल्ब ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ उलटणे, पालटणे असा आहे, आणि ‘हृदये पालटणाऱ्या, माझे हृदय तुझ्या धर्मावर स्थिर ठेव’ ही प्रेषितांची प्रार्थना त्या अर्थाशी जोडलेली आहे. अक्ल या शब्दाच्या मुळाशी बांधणे आहे. उंटाचा गुडघा दुमडून बांधायच्या दोरीला त्याच धातूवरून इकाल म्हणतात. आपण जेव्हा ‘पायबंद घालणे’ म्हणतो तेव्हा घोड्याच्या मागच्या पायांना बांधायची दोरी आठवत नाही, तसेच ‘अक्कल’ म्हणताना उंटाची दोरी आठवत नाही. पण पालटणारे हृदय आणि त्याला थांबवणारी दोरी, या दोन चित्रांत या परंपरेचे बरेचसे मानसशास्त्र आहे.

आधुनिक वाचकाला येथे अडखळायला होते, कारण जाणण्याचे काम मेंदूचे आहे हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मेंदूला महत्त्व आहे हे मुस्लीम वैद्यांनाही माहीत होते. ग्रीक वैद्य गॅलेनच्या मागोमाग इब्न सिना यांनी स्मृती, कल्पना आणि वहम या आंतरिक शक्तींच्या जागा मेंदूच्या पोकळ्यांत दाखवल्या. ‘हृदय जाणते’ हे विधान म्हणूनच शरीररचनेविषयीचे विधान म्हणून वाचू नये. मराठीतही आपण ‘काळजाला भिडले’ म्हणतो आणि हृदयरोगतज्ज्ञाकडे जात नाही.

गझालींचा आणखी एक दृष्टान्त खानदेशी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. जमिनीत खणलेला एक हौद आहे. त्यात वरून पाच पाटांनी पाणी येऊ शकते. किंवा ते पाट बंद करून हौदाचा तळ उपसत गेले, तर खालचा झरा फुटून पाणी आतूनच वर येते, आणि ते अधिक निर्मळ आणि अधिक टिकाऊ असते. हौद म्हणजे कल्ब, पाट म्हणजे पाच इंद्रिये, पाणी म्हणजे ज्ञान. पांझरा नदीच्या काठी फडाच्या, म्हणजे सामायिक सिंचनाच्या, पाटाचे पाणीही आपण पाहिले आहे आणि उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढल्यावर कपारीतून सुटणारा झराही पाहिला आहे. पाश्चात्त्य मानसशास्त्राची मुख्य धारा पाटाचे पाणी मोजते. आतल्या झऱ्याबद्दल ते फार तर एवढेच म्हणेल की अनेक माणसे असा अनुभव सांगतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1902 साली धार्मिक अनुभवांवर लिहिताना हे मोठ्या आदराने म्हटले, पण झरा कोठून येतो हे ठरवणे त्यांनी शास्त्राचे काम मानले नाही.

हा संयम मला मोलाचा वाटतो. 1879 साली जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली तेव्हापासून या शास्त्राने वारंवार आपले कुंपण आवळले: आत्मा सोडला, 1913 नंतर वॉटसनच्या, फक्त दिसणारे वर्तन मोजणाऱ्या, वर्तनवाद्यांनी तर जाणीवही बाजूला ठेवली, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विचारप्रक्रियेला पुन्हा आत घेतले. त्या बदल्यात त्याला एक मोठी गोष्ट मिळाली, ती म्हणजे आपण चुकलो हे शोधून काढण्याची पद्धत. एखादा उपचार लागू पडतो की नाही, हे रुग्णांचे गट करून, मोजून, दुसऱ्याने पुन्हा तपासून ठरवता येते. मात्र ‘आम्ही आत्म्याविषयी बोलत नाही’ हे वाक्य आणि ‘आत्मा नाही’ हे वाक्य यांत अंतर आहे, आणि ते अंतर काही पाश्चात्त्य विचारवंतांनी नकळत ओलांडले. 1927 साली धर्माला भ्रम ठरवताना फ्रॉइड प्रयोगशाळेतून बोलत नव्हते.

मनात आलेला विचार कोणाचा?

दोन्ही परंपरा सर्वात जवळ कोठे येतात आणि तेथेही वेगळ्या कशा राहतात, हे एका प्रसंगातून सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या, केळीच्या बागांनी वेढलेल्या एका गावातल्या तडवी कुटुंबात एकोणीस वर्षांचा मुलगा होता. नमाजापूर्वी वुजू करताना, म्हणजे हात, तोंड, पाय धुताना, त्याला आपले कोपर कोरडे राहिल्याची शंका येई, आणि तो पुन्हा पहिल्यापासून धुवायला लागे. हे चाळीस-चाळीस मिनिटे चाले. त्याहून वाईट म्हणजे नमाजात त्याच्या मनात ईश्वराविषयी अभद्र शब्द येत, आणि आपण धर्मातून बाहेर पडलो या भीतीने तो रडत असे. घरच्यांनी त्याला बऱ्याच ठिकाणी नेले. एकाने सांगितले की बाहेरची बाधा आहे. दुसऱ्याने सांगितले की धर्माचे वेड आहे, नमाज बंद करा. पहिल्या उत्तराने त्याची भीती वाढली, दुसऱ्याने त्याचा आधारच काढून घेतला.

इस्लामी परंपरेत या त्रासाला वसवसा म्हणतात, आणि त्यावर हजार वर्षांहून अधिक काळ विचार झालेला आहे. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, अशी नोंद आहे की काही सहकाऱ्यांनी प्रेषितांना सांगितले, आमच्या मनात असे विचार येतात की ते तोंडाने उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. प्रेषितांनी विचारले, खरेच तसे वाटते का? ते हो म्हणाले, तेव्हा उत्तर मिळाले की हाच तर स्पष्ट ईमान आहे. म्हणजे विचार येणे हा पुरावा नव्हे. त्याची भीती वाटणे हा श्रद्धेचा पुरावा आहे. गझाली याचे पायऱ्यांत विश्लेषण करतात: आधी विचार मनात चमकतो, मग निसर्गतः त्याकडे ओढ वाटते, मग हृदय निवाडा देते की हे करावे, आणि शेवटी निश्चय होतो. पहिल्या दोन पायऱ्या माणसाच्या हातात नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब घेतला जात नाही. खरा हिशेब निश्चयाचा आहे.

आता पाश्चात्त्य बाजू पाहा. 1978 साली रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी दाखवले की मंत्रचळाच्या, म्हणजे नको त्या विचारांत आणि त्याच त्या कृतींत अडकण्याच्या विकाराच्या, रुग्णांना जसे अभद्र, हिंसक किंवा विचित्र विचार येतात, तशाच आशयाचे विचार बहुसंख्य निरोगी माणसांनाही येतात. फरक एवढाच की निरोगी माणूस त्यांना फारसे महत्त्व देत नाही, आणि रुग्ण मात्र ‘असा विचार आला म्हणजे मी असाच आहे’ असे मानून तो पुसण्याची धडपड करतो, आणि त्या धडपडीनेच विचार घट्ट होतो. यावरचा उपचार 1966 साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी मांडला: रुग्णाला त्याच्या भीतीसमोर हळूहळू उभे करायचे आणि ती शमवण्याची नेहमीची कृती करू द्यायची नाही. पाय एकदा धुतले की नळ बंद, शंका राहिली तर राहू द्यायची; काही वेळाने अस्वस्थता आपोआप ओसरते हे त्याचे शरीरच शिकते.

फिक्ह, म्हणजे धार्मिक आचारशास्त्र, येथे याच उपचाराच्या बाजूने उभे राहते, आणि हे कुटुंबांना ठाऊक नसते याचे मला फार वाईट वाटते. ‘निश्चित गोष्ट शंकेने रद्द होत नाही’ हा फिक्हच्या पाच मूळ सूत्रांपैकी एक आहे. ज्याला वारंवार शंका येते त्याने शंकेकडे दुर्लक्ष करावे, असा निर्णय शास्त्रकारांनी दिलेला आहे. प्रत्येक अवयव तीनदा धुण्याची मर्यादा ठरलेली आहे. बाराव्या-तेराव्या शतकातील इब्न कुदामा यांनी तर वसवशाच्या आहारी जाणाऱ्यांच्या विरोधात स्वतंत्र पुस्तिका लिहिली. म्हणून ‘एकदाच धू आणि ऊठ’ असे मनोविकारतज्ज्ञ सांगतो, तेव्हा तो मुलाला धर्मापासून दूर नेत नसतो.

तरीही दोघांचे कारण सारखे नाही. तज्ज्ञाच्या मते तो विचार कोणाचाच नाही. तो मेंदूच्या नेहमीच्या गजबजाटातला एक आवाज आहे, त्याला अर्थ नाही. परंपरेच्या मते खातिर चार ठिकाणांहून येऊ शकतो: ईश्वराकडून, फरिश्त्याकडून, नफ्सकडून किंवा सैतानाकडून, आणि साधकाने तो पारखायला शिकावे, असे सुफी आचार्य सांगतात. पारखण्याची ही कला निरोगी साधकाला खोल आत्मपरीक्षण शिकवते. नवव्या शतकातील बगदादच्या हारिस मुहासिबी यांना त्यांचे नावच या आत्महिशेबावरून मिळाले, ज्याला मुहासबा म्हणतात. पण मंत्रचळ जडलेल्या मुलाला ‘तुझा विचार कोठून आला ते शोध’ असे सांगणे म्हणजे तहानलेल्याला मीठ देणे आहे. जुन्या लेखकांना हा भेद दिसत होता. बल्ख येथील अबू झैद अल-बल्खी (सुमारे 850–934) यांनी शरीर आणि नफ्स या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला, आणि त्यात क्रोध, भीती, खिन्नता आणि वसवसा या चार त्रासांचा वेगवेगळा विचार केला. खिन्नतेचेही त्यांनी दोन प्रकार पाडले: ज्या दुःखाचे कारण सांगता येते ते, आणि ज्याचे कारण सांगता येत नाही आणि जे शरीरातून उगवते ते. दुसऱ्यासाठी केवळ उपदेश पुरत नाही, शरीरावरचा उपचार लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. घरात औषधे साठवून ठेवतात तसे मन शांत असताना हितकर विचार साठवून ठेवावेत, हा त्यांचा सल्ला आजच्या विचार-वर्तन उपचारपद्धतीच्या अगदी जवळ आहे. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या ग्रंथाचा नफ्सविषयीचा भाग इंग्रजीत आणला. त्याच बद्रींनी 1979 सालच्या आपल्या पुस्तकात मुस्लीम मानसशास्त्रज्ञांना पाश्चात्त्य सिद्धान्त डोळे झाकून गिळू नका असे बजावले होते, आणि तरीही उपयोगी उपचारतंत्रे ते स्वतः वापरत होते.

गझाली तर स्वतः रुग्ण झाले होते. 1095 साली बगदादच्या निजामिया विद्यालयात ते कीर्तीच्या शिखरावर असताना एके दिवशी त्यांची वाचाच बसली. शिकवायला उभे राहिले तरी जीभ उचलेना, अन्न गिळवेना. वैद्यांनी तपासून सांगितले की हे दुखणे हृदयात उतरले आहे आणि तेथून मिजाजमध्ये पसरले आहे, हृदयावरचा भार उतरल्याखेरीज औषध लागू होणार नाही. आजचा तज्ज्ञ तीव्र मानसिक ताणाने वाचा जाण्याचे निदान करील, आणि ते चूक ठरणार नाही. गझालींनी मात्र आपल्या आत्मनिवेदनात त्याचा अर्थ असा लावला की ज्या वाटेवर आपण चाललो होतो तीच चुकली होती, कारण शिकवण्यामागची नियत ईश्वरासाठी नव्हती, प्रतिष्ठेसाठी होती. त्यांनी पद सोडले, संपत्ती वाटून टाकली आणि अनेक वर्षे भटकंतीत घालवली. लक्षण कमी करणे हे एक काम. लक्षण काय सांगते आहे ते ऐकणे हे दुसरे. प्रत्येक आजार असे काही सांगतोच, असे मी मानत नाही. पुष्कळदा मेंदूचा आजार हा फक्त आजार असतो, आणि त्यात पापपुण्य शोधणे क्रूरपणाचे होते. सुनन अबू दाऊद या संग्रहातील हदीसही तेच सुचवते: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेडा झालेला शुद्धीवर येईपर्यंत, या तिघांवरून लेखणी उचललेली असते, म्हणजे त्यांच्या नावावर काहीही लिहिले जात नाही.

आपल्या भागातून बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीबाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांची माणसे मनोरुग्णांना घेऊन जातात. श्रद्धेने मिळणारा धीर मी कमी लेखत नाही, पण 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत होरपळून मेले, हे कोणत्याही कुटुंबाने विसरू नये. उपचार करा, कारण वार्धक्याखेरीज असा कोणताही आजार नाही ज्याचे औषध ईश्वराने ठेवलेले नाही, ही हदीस दर्ग्यावर जाणाऱ्यांनाही मान्यच असते. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करून मराठीतूनही बोलता येते.

त्या मुलाला शेवटी एक समजूतदार मनोविकारतज्ज्ञ आणि तितकेच समजूतदार मौलाना भेटले, आणि ते दोघे एकमेकांशी फोनवर बोलले. औषध सुरू झाले, नळाजवळ घड्याळ टांगले गेले, आणि मौलानांनी त्याला लिहून दिले की शंका आली तरी त्याचा वुजू पूर्ण झाला असे समजावे. आठ महिन्यांनी तज्ज्ञाच्या वहीत चाळीस मिनिटांची सहा मिनिटे झाली होती. मौलाना मिनिटे विचारत नाहीत. ते विचारतात, ‘बेटा, नमाजात उभा असतोस तेव्हा दिल कुठे असते?’ अर्धा वेळ अजून नळापाशीच असते, असे त्याने परवा सांगितले, आणि उरलेल्या अर्ध्या वेळेविषयी त्या दोघांचे बराच वेळ बोलणे झाले.